पत्र्याच्या फळ्यावरची नावं

नागपुरातल्या नंदनवन भागातल्या आमच्या वसतिगृहात शिरताना डाव्या हाताला पत्र्याचा एक हिरवा फळा लागतो. वर पांढऱ्या रंगात लिहिलं आहे, 'खालील वस्तू बाळगण्यास व वापरण्यास सक्त मनाई आहे. दोषी आढळल्यास प्रवेश रद्द.' त्याखाली नावं आहेत. बिडी, सिगारेट, तंबाखू, दारू ही पहिली चार एकाच हातची, पेंटरकडून करून घेतलेली. पुढची प्रत्येक वेगळ्या अक्षरात. खर्रा जाड ब्रशने. गुटखा तिरका. मावा कोपऱ्यात, जागा उरली नाही म्हणून बारीक. हुक्का सगळ्यात शेवटी, खिळ्याच्या बाजूला.

पहिल्या वर्षी मला तो फळा किराण्याच्या यादीसारखा वाटला होता. नंतर गृहपाल सरांनी सांगितलं की प्रत्येक नावामागे एक पोट्टा आहे. तो काहीतरी घेऊन सापडला, 'सर, हे यादीत नाही' म्हणाला आणि सुटला. मग सरांनी ते नाव यादीत घातलं.

"मी पोट्ट्यांच्या मागं मागं नावं लिहीत फिरून राहिलो," सर म्हणाले होते, "अन् पोट्टे नेहमी एक नाव समोर."

सर शाळेतून निवृत्त झालेले. आमच्या समाजाचं मंडळ हे वसतिगृह चालवतं आणि खेड्यातून आलेल्या मुलांना नाममात्र फीवर ठेवून घेतं. माझ्या घरात कॉलेजला आलेला मीच पहिला. इथली जागा गेली तर नागपुरात खोली करून राहणं आम्हाला झेपण्यासारखं नाही. म्हणजे कॉलेजही गेलं. हे मला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

इथली एक पद्धत आहे. सत्र सुरू झालं की पहिल्या रविवारी सगळ्यांच्या वडिलांना बोलावतात. सर यादी मोठ्याने वाचतात. वाचून झाली की खाली मुलगा सही करतो आणि त्याच्या सहीशेजारी बापही करतो. मागच्या वर्षी माझ्या बाबांनी सही केली तेव्हा त्यांच्या गालात खर्रा होता. ते काटोलजवळच्या आमच्या गावात संत्र्याची बाग करतात, आणि मला आठवतं तेव्हापासून खर्रा खातात. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिलेली ती पुडी त्यांच्या खिशात नाही असा दिवस मी पाहिला नव्हता.

सही करून आम्ही बाहेर आलो. फाटकाजवळ बाबा थांबले, तोंडातलं थुंकून आले, नळावर चूळ भरली आणि खिशातली पुडी नालीत टाकली.

"काय झालं?" मी विचारलं.

"बापाची सही कायले घेतली त्यानं? मी खाऊन तुले नको कसं म्हणू?" ते म्हणाले. "आजपासून मी नाही अन् तू नाही. बस."

त्यानंतर त्यांच्या खिशात फुटाणे असतात. तलफ आली की दोन-चार तोंडात टाकतात. आई फोनवर सांगायची, पहिला महिना ते कुणाशी धड बोलले नाहीत, जेवणाचं ताट सरकवून द्यायचे. पण खर्रा त्यांनी तोंडात घातला नाही.

यंदा कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात सरांनी मला ऑफिसात बोलावलं. माझं अक्षर बरं आहे, म्हणून सूचना लिहायचं काम माझ्याकडे असतं.

"नवा फळा करायचा आहे," सर म्हणाले. "मागच्या वर्षी खालच्या मजल्यावरचा तो पोट्टा आठवते ना, हुक्का पेनवाला? मले म्हणते, सर, हुक्क्याले कोळसा लागते, पाणी लागते, यात कुठं आहे? अन् त्याचा बाप म्हणते, यादीत दाखवा. काय दाखवू मी?"

त्यांनी टेबलावरचे काही छापील कागद माझ्याकडे सरकवले. ई-सिगारेटवर देशभर बंदी घालणारा कायदा काही वर्षांपूर्वीच आला होता, त्याची ती प्रत होती. "तू राज्यशास्त्राचा आहेस. नीट वाच. असा नियम लिही की त्यातून मुंगी निसटली नाही पाहिजे."

तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी, बोटाएवढी एक नारिंगी कांडी होती. मी कागद घेतले, 'हो सर' म्हणालो आणि बाहेर आलो. मला काहीही वाटलं नाही. छातीत धस्स झालं नाही, हात खिशाकडे गेला नाही. आज या सगळ्यात मला सर्वांत मोठा धक्का कशाचा बसतो म्हणाल तर तो याचा.

ती कांडी माझ्याकडे कशी आली ते सांगायला हवं. पहिल्या वर्षाच्या हिवाळी परीक्षेत मी फार घाबरलो होतो. इंग्रजीचा पेपर जवळ आला तसं वाचलेलं डोक्यात थांबेना. माझा रूम पार्टनर खिडकीत बसून तसलीच एक कांडी ओढत होता. खोलीत संत्र्याचा वास भरला होता. मी विचारलं, काय आहे.

"अरोमा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अबे, अरोमा म्हणजे वास. डोकं शांत करते. घे, तुयाच गावचं संत्रं आहे. घरची आठवण येईल."

मी डबी बघितली. तिच्यावर पानांचं चित्र होतं आणि इंग्रजीत लिहिलं होतं, हर्बल अरोमा स्टिक. निकोटिन नाही. बाजूला संत्र्याची फोड. मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकणाऱ्या दुकानातून त्याने ती आणली होती. मला धूर दिसला नाही, आग दिसली नाही, राख नाही. वास आमच्या बागेसारखा वाटला, निदान तेव्हा वाटला. मी ओढली. खोकला आला. रूम पार्टनर हसला. मग डोकं खरंच हलकं झालं.

त्याने 'सिगारेट' म्हणून पुढे केली असती तर मी त्याचा हात झटकला असता, याची मला खात्री आहे. 'वेप' म्हणाला असता तरी बहुतेक थांबलो असतो, कारण तो शब्द वाईट मुलांबरोबर ऐकला होता. पण तो 'अरोमा' म्हणाला आणि मी बिचकलो नाही.

फेब्रुवारीपर्यंत माझी स्वतःची कांडी झाली होती. डबीतल्या बाकीच्या कांड्या रूम पार्टनर माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. त्याच्याकडून आणखी तीन-चार पोट्टे घ्यायचे. मी म्हणालो होतो, तुझ्या कपाटात ठेव ना. तर म्हणाला, "तुया पेटीत कोणी हात घालत नाही. तू भगत माणूस." आणि मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

मला कधीच शंका आली नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा एक दिवस कांडी संपली. सकाळपासून मी आईवर दोनदा ओरडलो. बाबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि फुटाणे पुढे केले. "भूक लागली असन त्याले," ते आईला म्हणाले. मी फुटाणे घेतले. मला तेव्हाही कळलं नाही, किंवा मी कळू दिलं नाही.

कायद्याचे कागद मी वाचनालयात बसून वाचले. दुपारची वेळ, दोघेतिघेच होते. इंग्रजी अवघड होतं, मोबाइलवर एकेक शब्द बघत पुढे जात होतो. सुरुवातीला व्याख्या होती. मी ती वहीत मराठीत उतरवायला घेतली. पदार्थ तापवून ओढण्याजोगी फवाऱ्यासारखी वाफ करणारं विजेचं उपकरण. निकोटिन असो वा नसो. स्वाद असो वा नसो. पुढे काही प्रकारांची नावं होती, ई-हुक्काही त्यात होता. मी मनात म्हणालो, चला, सरांचं काम झालं. आणि मग पुढचे शब्द आले. कोणत्याही नावाने ओळखलं जाणारं. कोणत्याही आकाराचं, कोणत्याही मापाचं, कोणत्याही रूपातलं.

माझं पेन थांबलं.

मी खिशातली कांडी काढून वहीवर ठेवली. तिच्या टोकाला छोटा दिवा होता, ओढली की तो लागायचा. म्हणजे बॅटरी. म्हणजे वीज. आत काहीतरी तापतं, हे मला हाताला रोज कळत होतं. व्याख्येतला एकेक शब्द मी कांडीवर लावून बघितला आणि एकेक शब्द बसत गेला. निकोटिन नाही असं डबीवर लिहिलं होतं. ते खरं की खोटं हे मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. पण कायदा म्हणत होता, असो वा नसो. हर्बल? विचारतच नव्हता. अरोमा? नाव काहीही असो. मी एकेक आडोसा शोधत होतो आणि तिथे आधीच कुणीतरी उभं होतं.

खाली लिहिलं होतं, बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं आणि साठवणं गुन्हा आहे. साठवणं. माझ्या डोळ्यांसमोर माझी पेटी आली. बाबांनी काटोलच्या बाजारातून घेऊन दिलेली, झाकणावर पेंटरकडून माझं नाव काढून घेतलेली. मी उठून नळावर गेलो, पाणी प्यायलो, परत आलो, पुन्हा वाचलं. शब्द तेच होते.

मी खोलीवर गेलो. रूम पार्टनर पलंगावर पडून मोबाइल बघत होता. मी वही त्याच्यापुढे धरली.

"हे अरोमा नाही बे. हे तेच आहे."

त्याने वाचलं. "मग? पोट्टा पकडला गेला का कोणी?"

"साठवणं गुन्हा आहे. माझ्या पेटीत आहे ते."

"भैताड आहे का बे तू? दुकानात खुल्ला विकून राहिले."

"खुल्ला कुठं? अरोमा म्हणून विकून राहिले."

"मग तूबी तेच म्हण. तुले कोण विचारून राहिलं?" तो उठून बसला आणि हसायला लागला. "बरं, तू फळा लिहून राहिला ना? मी नावं सांगतो, लिही. वेप लिही. पॉड लिही. पफ बार लिही. तू फळा रंगवून खाली उतरशील तवर दुकानदार त्याले फ्रेशनर म्हणन. मग काय करशील? शिडी लावून बसशील का वर्षभर?"

मला राग आला, पण तो बरोबर बोलत होता. मी वहीत आधी नावंच लिहिली होती, आठ-नऊ. ती वाचताना जाणवलं, की माझी स्वतःची कांडी त्यातल्या एकाही नावाची नाही. मी जो नियम लिहीत होतो त्यातून पहिला मीच निसटत होतो.

ते पान मी फाडलं. नवीन लिहिलं. 'ओढून, चघळून, हुंगून किंवा तोंडात धरून तलफ भागवण्याची कोणतीही वस्तू व त्यासाठीचे कोणतेही उपकरण. त्याचे नाव, आकार, स्वाद व वेष्टनावरील मजकूर काहीही असो.' तलफ हा शब्द कायद्यात नव्हता. बाबांबद्दल फोनवर बोलताना आई तो वापरायची, तिथून मी घेतला.

"मी सरांना माझं सांगणार आहे," मी रूम पार्टनरला म्हणालो. "तुझं तू बघ. डबी पेटीतून काढ."

त्याने मोबाइल पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "पेटीवर नाव तुयं आहे. मायं नाही." पण दुसऱ्या दिवशी डबी तिथे नव्हती. त्याने ती कुठे नेली हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

सांगणार म्हणालो आणि तीन दिवस सांगितलं नाही. ऑफिसच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. रविवार उजाडला. बाबा सकाळच्या बसने आले, हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि खिशात फुटाणे. माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्याने मी मोडलो.

"बाबा, आधी सरांकडे जाऊ," मी म्हणालो.

ऑफिसात सर एकटे होते. मी नियमाचा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर कांडी ठेवली. काय बोललो ते सगळं आठवत नाही. परीक्षा, अरोमा, पेटी, फेब्रुवारी असे शब्द बोललो. डबी कुणाची हे सरांनी विचारलं तेव्हा म्हणालो, माझ्या पेटीत होती. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांना आधी समजलंच नाही. त्यांना वाटलं मी पेनाबद्दल बोलतोय.

"हे ओढते का?" त्यांनी सरांना विचारलं.

"हो."

"सिगारेटसारखं?"

"तशातलंच."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला मारलं असतं तर मी उभा राहू शकलो असतो. त्यांचा चेहरा नुसता रिकामा झाला.

सरांनी चष्मा काढून पुसला. मागच्या वर्षीचा सह्यांचा कागद काढला, त्यावरून बोट फिरवलं. "तू सही केली त्या यादीत हे नाही," ते हळूच म्हणाले. "म्हणून प्रवेश रद्द करता येत नाही. त्या हुक्का पेनवाल्या पोट्ट्याले जे लावलं तेच तुले. नवा नियम आजपासून." मग त्यांनी कांडी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली, ड्रॉवर लावला, आणि एकदम परत उघडला. "अरे बाप्पा! हा त आता माझ्याकडे साठा झाला!" त्यांनी ती पुन्हा टेबलावर ठेवली. "दुपारी पोलीस ठाण्यात नेऊन देतो."

माझी जागा वाचली होती. ज्या भोकातून मुंगीही निसटू नये म्हणून मी शब्द घोटले होते, त्याच भोकातून मी बाहेर पडलो होतो. आनंद झाला नाही.

"म्हणजे हा सुटला?" बाबांनी विचारलं.

"नियमाप्रमाणं, हो."

"काहून? नाव नव्हतं म्हणून?"

बाबांनी कांडी उचलली, नाकाजवळ नेली, डोळे मिटून वास घेतला. झाडावरच्या फळाचा घेतात तसाच. त्यांना नुसत्या वासावरून फळ आंबिया बहाराचं की मृग बहाराचं ते सांगता येतं.

"हे संत्रं नोहे," ते म्हणाले. "यात संत्र्याचं काहीच नाही. तुले ओळखू नाही आलं? बागेत वाढला तू."

त्यांनी कांडी परत टेबलावर ठेवली.

"मी खर्रा सोडला तवा गावचे लोक म्हणे, खर्रा सोडला ना, मावा खा. नुसती सुपारी खा. मशेरी लाव. ते कुठं खर्रा होय?" बाबांचा आवाज चढला नव्हता. "मी कोणाले विचाराले नाही गेलो, यात काय येते अन् काय नाही येत. मले ठाऊक होतं मी काय सोडलं ते. तुले नव्हतं ठाऊक?"

बाहेर सतरंजीवर लोक जमायला लागले होते. सर उठले. "नियम वाचायचा आहे," ते मला म्हणाले. "तूच वाच. लिहिला तू."

मी वाचला. मागून कुणाचे तरी वडील म्हणाले, "नावं सांगा ना बाप्पा, हे काय कोडं घातलं!" तेव्हा सर म्हणाले, "नावं पोट्ट्यांले ठाऊक आहेत." थोडे लोक हसले. रूम पार्टनर तिसऱ्या रांगेत होता, मान खाली घालून. त्याने आपल्या वडिलांच्या शेजारी बसून सही केली. माझ्याकडे बघितलं नाही.

माझी पाळी आली. मी सही केली. पेन बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते धरून ठेवलं, इतका वेळ की मागचा माणूस खाकरला. मला वाटलं, नाही करणार. मग त्यांनी सही केली, आपली नेहमीची, एकेक अक्षर सुटं.

मी त्यांना बस स्टँडपर्यंत सोडायला गेलो. काटोलची गाडी लागलेली होती. बाबा पायरीवर चढले, वळले.

"मायं वर्ष झालं," ते म्हणाले. "तुया आज पहिला दिवस. पहिला महिना लय वाईट राहते. कोणाशी भांडू नको."

त्यांनी खिशातून फुटाण्यांची पुडी काढली आणि अर्धी नाही, सगळीच माझ्या हातात दिली. मी म्हणालो, तुम्हाला वाटेत लागतील. ते आत जाऊन बसले होते.

गाडी गेल्यावर मी तिथेच बाकड्यावर बसलो. डोकं दुखायला लागलं होतं. हात दोनदा शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथे नुसतं पेन होतं. मी पुडी उघडून फुटाणे तोंडात टाकले. जिभेवर मीठ आलं. बोटांना अजून तो वास होता. मी तो हुंगून बघितला. बाबा म्हणाले ते खरं होतं, संत्र्याचं त्यात काहीच नव्हतं.